हाताचा वास
शेजारच्या रानात कापसावर औषध मारायला लागले की तो उग्र वास खिडकीतून आत येतो आणि मला मानवतच्या आमच्या घरातली माशांची काचेची पेटी आठवते. लेकीच्या हट्टापायी आणलेल्या सात माशांपैकी पाच मासे चार दिवसांत मेले होते. रोज सकाळी एखाददुसरा पोट वर करून तरंगताना दिसायचा. मी पाणी बदलून नळाचं ताजं भरलं, तळातले खडे उकळले, हवेचा पंप नवा आणला, तरी मासे मरतच राहिले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण त्याच नळाचं पाणी माझी तीन वर्षांची लेक पीत होती. शेवटी परभणीच्या ज्या दुकानातून मासे आणले होते तिथं फोन लावला. दुकानदारानं विचारलं, "ताई, घरात काय फवारलं का?" मी म्हणाले, "घरात काहीच नाही फवारलं हो." तेवढ्यात रानातून आलेले माझे सासरे पेटीत दाणे टाकत हसले, "घरात कोण फवारतंय? म्या तर चार दिस झाले रानात फवारायलोय." नेहमीच्या सवयीनं त्यांनी बोटं पाण्यात बुडवली आणि उरलेले दोन मासे त्या बोटांना तोंड लावायला वर आले. त्यांच्या न धुतलेल्या हातांचा औषधाचा उग्र वास तेव्हा कुठं माझ्या नाकात शिरला. मी ओरडेपर्यंत त्यांनी त्याच हातानं लेकीच्या तोंडात गुळाचा खडा घातला होता. दवाखान्यात नेलं, तिला काही झालं नाही. आता ती चौथीत आहे. अजूनही तिला कुणी काही भरवायला लागलं की मी आधी त्या हाताचा वास घेते, आणि ते बघून सासरे आपले हात पाठीमागे नेतात.