ओटी कुठं भरली होती

पुराची रेषा आखणं हे माझं काम. नदीचं पाणी गावात कुठवर चढतं ते नकाशावर दाखवायचं. रेषेच्या वर घरकुलं मंजूर होतात, खाली होत नाहीत. नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका गावात पारावरच्या आबा-तात्यांनी एकमुखानं जागा दाखवली. "हितवर आलं व्हतं. त्याच्या म्होरं न्हाय." एवढं एकमत ग्रामसभेतही होत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी सही केली. रेषेच्या वर चौदा घरं उभी राहिली.

पुढच्याच पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडल्याचा निरोप आला, तेव्हा मी बारामतीच्या ऑफिसात होते. ड्रायव्हरला घेऊन इंदापूरमार्गे तशीच निघाले.

पोचले तर पाणी माझी रेषा ओलांडून आलेलं. लोकांना शाळेत हलवत होते. शेवटच्या घरातली म्हातारी मात्र उंबऱ्यात बसून होती.

"आजी, चला लवकर."

"चिंचंपातूर येणार त्ये," ती घरामागच्या चढावरची चिंच दाखवत म्हणाली. "मागच्या पुराला तितंच वटी भरली आमी बायकांनी."

पूर आला की पाणी जिथं थांबतं तिथं बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ. आमच्या गावी, पणदऱ्यात, माझी आईही भरायची. गावातल्या प्रत्येक बाईला ती जागा ठाऊक होती, आणि मी बाई असून पारावर विचारत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चिंच घरापेक्षा उंचावर होती.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाय. आन सांगितलं असतं तर घर मिळालं असतं व्हय?"

दंडाला धरून तिला ट्रॅक्टरवर चढवलं. पाणी चिंचेपर्यंत आलं. माणसं सगळी वाचली, घरं छातीभर पाण्यात गेली.

दोन दिवसांनी चिखल उपसताना तिनं विचारलं, "आता रेघ वर न्हेणार?"

"न्यावीच लागेल."

"मंग आमी कुठं जायाचं?"

मी दुसऱ्या जागेचं काहीतरी सांगायला लागले. गावात दुसरी जागा नव्हती, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

रेषेच्या दुरुस्तीचं पत्र मी त्याच आठवड्यात पाठवलं. तेव्हापासून त्या गावात जायला मी घाबरते. म्हातारी शिव्या देणार नाही. ती चहा टाकेल आणि तेच पुन्हा विचारेल.