भामाबाईचा गिऱ्हा

त्रेपन्न साली रोडपालीच्या शाळेवर माझी बदली झाली. पनवेलच्या बाजारात वाढलेला मी. भुताखेतांचं नाव निघालं की अंगावर धावून जाणारा. आणि गावात पाऊल ठेवल्यापासून जो तो एकच सांगे, "मास्तर, गिऱ्हाचा खरा-खोटा भामाबाईला इचारा."

गिऱ्हा म्हणजे खाडीतलं भूत, केसाळ आणि उलट्या पावलांचं. भामाबाई मिठागरात राबणारी, चाळिशीची. तिचा नवरा महादेव एकोणपन्नासच्या पौषात भाताची पोती घेऊन मचव्यानं मोरा बंदराला निघाला. परत आला तो त्याचा जोडीदार तुळशीराम, एकटाच. म्हणाला, पाण्यातून केसाळ हात आला आणि महादेवला घेऊन गेला. गिऱ्हा माणसाला बुडवत नाही, सात वर्षं राबवून घेतो आणि सोडतो, अशी तिथली जुनी समजूत. म्हणून भामाबाईच्या हातांत हिरव्या बांगड्या आणि कपाळावर कुंकू. गिऱ्हा असेल तर ती सवाशीण. नसेल तर काय, हे गावात कुणी बोलत नसे.

मला वाटलं, भोळीभाबडी बाई भेटेल. भेटला फौजदार.

मिठागरातली जनी सांगत आली, "अष्टमीला भर दुपारी गिऱ्हा खाडीन पोहताना बगला." भामाबाईनं मानही वर केली नाही. "अष्टमीला दुपारी ओहोटी. खाडीन नुसता चिखल. चिखलान पोहत व्हता का गो?" गावातल्या दादूनं खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांत अडकलेले गिऱ्हाचे केस आणले. तिनं ते बोटांत चोळले, हुंगले. "घोड्याचा शेपूट हाय. टांगेवाल्याला नेऊन दे."

मोसमाआधी मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. सगळी माणसं ओळीनं तुडवतात, त्यामुळे गावातला पाय न् पाय तिला पाठ. एकदा सकाळी त्या ओल्या जमिनीत उलटी पावलं उमटलेली सापडली. गाव गोळा झालं. भामाबाई वाकली, बघितलं आणि म्हणाली, "बळीराम पाठमोरा चाललाय. ही वाकडी करंगळी त्याचीच." बळीराम आठवडाभर तोंड लपवून फिरत होता.

शाळा सुटली की मीही तिच्यापाशी बांधावर जाऊन बसू लागलो. चैत्रात वाफ्यांत मीठ धरलं की तिथं आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळत नसे. झगझगत्या उन्हात लांबवर कुणीतरी चालत येतंय असं वाटायचं, आणि मग नसायचं. डोळे जड व्हायचे. खोटं कशाला बोलू, माझ्यासारखा टिकोजीराव मनातल्या मनात म्हणायचा, असू दे रे बाबा, एक गिऱ्हा असू दे.

एकदा मी न राहवून विचारलं, "भामाबाई, अख्ख्या गावाची तुम्ही उलटतपासणी घेतलीत. तुळशीरामला कधी विचारलंत का?"

"लबाड बोलतंय त्या मना तोंडावरून कलतं, मास्तर. म्हनून नाय इचारला."

माझ्या शहाणपणाची मला लाज वाटली.

छप्पन्नच्या पौषात सात वर्षं भरली. त्या दिवशी भामाबाई सकाळपासून बांधावर बसली होती. नवं लुगडं, नव्या बांगड्या, शेजारी फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. भरती आली, भरली, उतरली. खाडीत पुन्हा चिखल दिसू लागला. तेव्हा तुळशीराम आला. सात वर्षांत तो तिच्यासमोर उभा राहिला नव्हता. हात जोडून म्हणाला, "वयनी, त्या दिवशी मी..."

तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"भावजी, येकच सांगा. पानी गार व्हता का?"

तुळशीरामनं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "नाय, वयनी. कोमट व्हता."

पौषातलं खाडीचं पाणी. पिंडऱ्यांपर्यंत त्यात उभं राहून तिची उमर गेलेली. ते कसं झोंबतं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक? मला वाटलं, आता ही त्याला खोटं बोलताना धरणार.

"बरा झाला," भामाबाई म्हणाली. भाकरीचं फडकं तिनं तुळशीरामच्या हातात दिलं आणि बांधाच्या दगडावर मनगट टेकून बांगड्या वाढवल्या.