मोडलेल्या हाडाचा एक्स-रे

ती बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. रायपूरमधल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. आमच्याकडे या पदाला टीआय म्हणतात. सकाळची हजेरी आटोपली होती, जवान बीटवर निघत होते. मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, तिला बाहेरच्या बाहेर श्रम विभागाच्या ऑफिसात पाठवत होता. तिने दारावरच्या पाटीवर माझं मराठी आडनाव वाचलं आणि सरळ आत आली.

विदर्भातून येऊन दोन पिढ्या रायपूरच्या गुढियारी वस्तीत राहिलेलं तिचं कुटुंब. नवरा शहराबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कोळसा फोडायच्या यंत्रावर कामाला. तो बाहेर बाकावर बसला होता, कारण फाटकापासून तिथवर येतानाच त्याला धाप लागली होती. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत मात्र त्याची फुप्फुसं निरोगी ठरली होती. त्यामुळे काम बदलून मिळत नव्हतं. वर सुपरवायझर त्याला कामचोर म्हणत होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढून छातीत धूळ बसल्याचं सांगितलं होतं.

तिने कारखान्यातून मिळालेला एक्स-रे माझ्यासमोर ठेवला. डाव्या खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडून वाकडं जुळलेलं त्यात स्पष्ट दिसत होतं.

"साहेब, ह्यायचं हाड कधीच मोडलं नाही," ती म्हणाली. "मग ह्या फोटोत मोडलेलं काहून दिसून राहिलं?"

मग तिने पिशवीतून शेजाऱ्याचा एक्स-रे बाहेर काढला. तोही त्याच कारखान्यात कामाला. नाव वेगळं, हाड तेच.

मी मुन्शीला तक्रार लिहून घ्यायला सांगितली. तपासणीचं कंत्राट शहरातल्या एका निदान केंद्राकडे होतं. कारखान्याला नोटीस देऊन सगळ्या कामगारांचे अहवाल जप्त केले आणि पंचनामा करून वैद्यकीय तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांचं लेखी मत आलं: सगळे एक्स-रे एकाच माणसाचे. बनावट कागदपत्रं आणि फसवणूक असा गुन्हा नोंदवला. पण तो माणूस कोण आणि हे कोणाच्या सांगण्यावरून झालं, हे कागदावरून कळत नव्हतं.

केंद्राच्या तंत्रज्ञाला चौकशीला बोलावलं. पस्तिशीचा, अदबीने बोलणारा. कम्प्युटरमध्ये फाइलींची गल्लत झाली, एवढंच तो दोन दिवस सांगत राहिला. मी आवाज चढवला नाही. घाबरलेला माणूस घाईघाईने काहीही कबूल करतो, आणि तसली कबुली कोर्टात उभी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा जबाब सहीसाठी पुढे केला. सही करायला तो वाकला तेव्हा शर्टाच्या उघड्या गळ्यातून डाव्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसला. मी विचारलं, थंडीत खांदा दुखतो का? उत्तर येण्याआधी त्याचा उजवा हात तिथे गेला. खोटं बोलणारा तोंड सांभाळतो, हात सांभाळायचं त्याच्या लक्षात राहत नाही. मी कारखान्यातला एक्स-रे त्याच्यासमोर ठेवला. तो हळूच म्हणाला, "सर, वो छाती मेरी है."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी त्याने खरे एक्स-रे काढले होते. बऱ्याच जणांच्या फुप्फुसांत धूळ दिसत होती. कारखान्याच्या मॅनेजरने तो गठ्ठा परत पाठवला आणि असले अहवाल चालणार नाहीत असं बजावलं. पुढच्या वर्षापासून, केंद्राच्या मालकाच्या सांगण्यावरून, एक्स-रेची गाडी कारखान्यात नुसती जायची, कामगार यंत्रासमोर उभे राहायचे, श्वास रोखून धरायचे, आणि छापून निघायची ती याचीच छाती, वर त्यांची नावं. पहिल्या वर्षीचे खरे एक्स-रे त्याने पुसले नव्हते, आणि गठ्ठ्यासोबत परत आलेलं मॅनेजरच्या सहीचं पत्रही ठेवलं होतं. ते सगळं आम्ही जप्त केलं, आणि मॅनेजरला सगळं ठाऊक होतं हे त्यातूनच सिद्ध झालं.

तंत्रज्ञ माफीचा साक्षीदार झाला. मॅनेजर आणि केंद्राचा मालक या दोघांना शिक्षा झाली. धूळ पकडणारी यंत्रणा बसेपर्यंत कोळसा फोडायचा विभाग बंद राहिला. त्या बाईच्या नवऱ्याला गोदामाच्या फाटकावर काम मिळालं. त्याचा श्वास मात्र पूर्ववत झाला नाही. ते कोणत्याच कोर्टाच्या हातात नव्हतं.

निकालानंतर ती पुन्हा ठाण्यात आली. आभार मानले आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "माणसं तपासली साहेब. आता आमच्या पाऱ्यातली हवा कोण तपासते?"

पारा म्हणजे इकडे वस्ती, आणि कारखान्यांची धूळ तिथवर पोचत होती. पोलिसांकडे हवा तपासायचं यंत्र नव्हतं. मी वस्तीतल्या बायकांचा अर्ज घेतला, निकालाची प्रत जोडून कलेक्टरांकडे पाठवला आणि बदली होईपर्यंत त्याचा पाठपुरावा केला.

जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवाही येते, हे मी वाचलेलं होतं. तरी नोकरीभर हवा हे दुसऱ्या खात्याचं काम मानत आलो. या प्रकरणाने माझी समजूत बदलली. एक खोटा अहवाल लिहिला की विषारी धूळसुद्धा नियमात बसते. आणि खोटा कागद वाचणं हे पोलिसाचंच काम आहे.

त्या वस्तीत आता हवा मोजायचं यंत्र आहे. आकडा वाईट आला, की दुपारपर्यंत तिथल्या बायका कलेक्टर ऑफिसात पोचलेल्या असतात.