रुद्रेशची बिनछताची फियाट

उमापूरच्या रुद्रेशला गावात कुणी कामसू म्हणायचं, कुणी खुळा, आणि खरं सांगायचं तर दोन्ही नावं त्याला शोभायची. वडिलांची, बसप्पाशेठांची आडत त्याच्या हाती आली तेव्हाच ती निम्मी मेली होती. कापूस सरळ जिनिंगला जायला लागला, आडत्याला कोण विचारतो? मग त्याने किराणा टाकला, तो बसला. मोबाइल रिचार्जचं दुकान थाटलं, तर लोक घरबसल्या रिचार्ज करायला शिकले. रुद्रेश ज्या झाडाखाली उभा राहील त्या झाडाची पानं गळायची, असा त्याचा हातगुण. पन्नाशीला टेकल्यावर त्याच्याजवळ विकण्यासारखं किंवा लावण्यासारखं एकच राहिलं होतं: मागच्या गोठ्यातली काळी फियाट.

ही फियाट आप्पांची, म्हणजे बसप्पाशेठांची. आडत भरात होती तेव्हा त्यांनी ती घेतली, आणि कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला तीतून गेले की वाटेवरची गावं बघायला उभी राहायची. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत. पण रुद्रेशच्या डोक्यात एक किडा शिरला. बीडकडे लग्नात उघड्या जुन्या गाड्या निघाल्या होत्या. नवरा-नवरी उंच बसतात, पुढे बँड, मागे वऱ्हाड. आपल्या भागात तसली एकही गाडी नाही. एवढा एकच धंदा आता उरलाय, हा गेला तर मी गेलो, असं तो बायकोला, वनमालाला, रोज सांगे. मुलगी रुचिका लग्नाला आली होती, म्हणजे घाईही होती.

तलवाड्याचा म्हाळू मिस्त्री डोक्याने वाकडा पण हाताने सरळ. मूळ इंजिनात जीव नाही आणि नवं घालण्याची ऐपत नाही, हे त्याने बॉनेट उघडताच सांगितलं. मग दोघांनी मिळून तोड काढली. वरात माणसाच्या पावलाने चालते, त्या चालीत पेट्रोलचं इंजिन तापून बंदच पडणार. तेव्हा मोडीत निघालेल्या ई-रिक्षाची मोटर घालायची, डिकीत बॅटऱ्या ठेवायच्या. आणि छत कापायचं.

कापताना आप्पा खाटेवरून बघत होते. गाडीचा पत्रा जुना असला तरी छतच तिला धरून होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. छत निघालं आणि गाडी मधोमध वाकली, दारं बसेनात. म्हाळूने खालून लोखंडी चॅनल टाकून ती पुन्हा ताठ केली, पण आप्पा वाकले ते वाकलेच. ते एवढंच म्हणाले, "गाडीचं डोस्कं उडवलंस, रुद्र्या. आता तिच्यात मला कधी बसवू नको." त्यानंतर ते लेकाशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं तर जेवत, पण त्याच्याकडे बघत नसत.

रुद्रेशला ते लागलं, पण थांबायला त्याला सवड नव्हती. त्याने स्वतः पत्रा घासला, पुट्टी भरली, मोतिया रंग मारला. जुन्या सोफ्याचं लाल रेक्झिन काढून मागे उंच बैठक केली. गाडी पहिल्यांदा गल्लीतून आवाज न करता गेली तेव्हा म्हाताऱ्या छबुबाईने तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. गावचे बागायतदार मोहनराव येऊन बघून गेले आणि थोरल्या मुलाच्या वरातीला हीच गाडी, असं सांगून गेले. त्या आठवड्यात रुद्रेश कुणाशीही बोलताना हसत होता. हसणं त्याच्या तोंडाला नवं होतं, त्यामुळे ते जरा मोठंच दिसे.

आणि आप्पा गेले. पहाटे वनमाला चहा घेऊन गेली तर अंग थंड.

लिंगायतांत मयताला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, हातात इष्टलिंग देऊन मांडी घालून बसवतात, आणि बसल्या बसल्याच भजनाच्या गजरात रुद्रभूमीत नेऊन मातीत ठेवतात. पूर्वी त्यासाठी खांदेकरी होते. आता समाजाची पोरं पुण्याला, घरात उरलेल्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे अलीकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आणत. त्या दिवशीही कुणीतरी ट्रॉलीचं नाव काढलं, तेव्हा समाजातले एक वडीलधारे दारातल्या गाडीकडे बघून म्हणाले, "घरची गाडी हाय, बसायला उंच जागा हाय, अन् बसप्पा ट्रॉलीत जाणार?"

आधी मयत बसलं तर पुढे नवरदेव बसणार नाही, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. रुद्रेश म्हणाला, आप्पांनीच नको म्हणून सांगितलंय. शब्द खरा होता, पण आपण तो कशासाठी पुढे करतोय हे त्याला ठाऊक होतं, आणि बाप समोर बसलेला असताना त्याला स्वतःची किळस आली.

"जित्याचा राग मयताला नसतोय," ते वडीलधारे म्हणाले.

मग रुद्रेशने गाडी काढली. आप्पांना लाल बैठकीवर बसवलं, हारांनी बांधलं. गाडी जशी चालायला हवी होती तशी चालली, न तापता, न आचका देता, भजनाच्या पावलाने. सगळं गाव म्हणालं, जावं तर असं. रुद्रेश चालवत होता आणि रडत होता, आणि त्यातलं किती बापासाठी होतं हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मोहनराव भला माणूस. ते स्वतः आले, चहा घेतला, पोरगा घोड्यावरच बसायचं म्हणतोय असं सांगून गेले. रुद्रेशने त्यांना समजावलं की आमच्यात सूतक नाही, विटाळ नाही, बसवण्णांनी तो कधीचा मोडून काढलाय. मोहनरावांनी मान हलवली आणि लग्नाची पत्रिका आठवणीने पाठवली. मग रुद्रेश तेच भाषण गावोगाव करत हिंडला. लोक आदराने ऐकत आणि घोडा सांगत.

फोन मात्र वाजू लागला. तलवाड्याहून आला, गेवराईहून आला: आमची आजी गेली, आमचे काका गेले, गाडी पाठवता का? नाही म्हणता येईना. आणि खांद्याचे पैसे कोण घेतो? लोक हात जोडत, मोठं पुण्य करताय म्हणत. पुण्याने बॅटऱ्या चार्ज होत नाहीत, असं वनमाला एकदा बोलली. तेल गेलं, तूप गेलं आणि हाती धुपाटणं आलं, ते सुद्धा मसणातलं.

मागल्या वैशाखात रुचिकाचं लग्न ठरलं, कडा गावच्या मुलाशी. मुलगी बापावर गेलेली, हट्टी. मी माझ्या पप्पांच्याच गाडीतून निघणार, असं तिने सासरी सांगून टाकलं, आणि मुलाकडचे लिंगायतच, तेही कसेबसे हो म्हणाले. रुद्रेशला वाटलं, आता एक नवरी बसली की झालं. लोक बघतील, तोंडं बंद होतील. त्याने गाडी धुतली, झेंडूने मढवली. लग्न लागल्यावर नवरा थोरांच्या पाया पडत होता, तोवर रुचिका पुढे आली आणि शालू सावरून वर चढून बसली. मोहनराव मांडवाच्या तोंडाशीच उभे होते.

रुद्रेश पुढे बसला आणि त्याने वरच्या आरशात पाहिलं. गळ्यात हार, कपाळाला विभूतीवर कुंकू, पाय दुमडून, ताठ. ह्याच आरशात त्याने आप्पांना असं बघितलं होतं, आणि त्यांच्यानंतर कितीतरी जणांना. किल्ली त्याच्याने फिरवेना.

"उतर, बाय," तो म्हणाला.

"कावून, पप्पा? आपल्यात सूतक न्हाई, तुमीच म्हणलते ना."

"उतर म्हणलं ना."

ती बघत राहिली, मग शालू धरून खाली उतरली. कड्याच्या लोकांची जीप लगेच पुढे आली, जणू तयारच ठेवली होती, आणि वरात तिच्यातून निघाली. मोहनरावांनी रुद्रेशच्या पाठीवर हात ठेवला, आणि रुद्रेशला त्यांच्याकडे बघता आलं नाही.