मेलेल्यांची हजेरी

रैनूभाऊ तलांडी फासे हातात घेण्याआधी मेलेल्यांची हजेरी घ्यायचा.

दर रविवारी दुपारी दोन वाजता माजरीच्या खाण कॉलनीत, त्याच्या क्वार्टरच्या पडवीत आम्ही चौघं चटईवर बसलो की तो हिरवं रजिस्टर उघडायचा, चष्मा बनियनला पुसायचा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायचा. नाव वाचलं की आमच्यापैकी कोणीतरी "हाये" म्हणायचं आणि त्या नावाची एक गोष्ट सांगायचं. गोष्ट झाल्याशिवाय खेळ नाही, चहा नाही, कुंदाबाईनं आणलेल्या भज्यांचा डबासुद्धा उघडायचा नाही. रस्त्यानं जाणारा नवा माणूस हे ऐकून जागीच थबकायचा. तलांडीच्या क्वार्टरात चाळीस भुतं राहतात अशी बातमी भद्रावतीपर्यंत गेली होती. बातमी मीच पसरवली होती. भुतं सहा होती.

आता हे आधीच सांगून टाकतो. मी जे बोलतो त्याचं निम्मं करायचं असतं. हा नियम रैनूभाऊचाच. खाणीत मी डंपर चालवतो. पहिल्या भेटीत मी त्याला सांगितलं की ताडोब्याच्या रस्त्यावर आठ वाघांनी माझा डंपर अडवला होता. तो खाणीच्या तळाशी पंप चालवायचा, त्यामुळे पाण्याकडे बघत शांतपणे ऐकायची त्याला सवय होती. सगळं ऐकून म्हणाला, "बंडू, निम्मे करू का?" मी म्हटलं, करा. "चार. अजून निम्मे?" दोन. "अजून?" शेवटी एक वाघ उरला, आणि तोही रस्ता ओलांडून निघून गेला होता. तेव्हापासून आमचं जमलं.

खेळ त्याच्याकडे आला तो एका शिकाऊ इंजिनिअरमुळे. बदली झाल्यावर तो पोरगा सामान आवरताना एक मोठा डबा रैनूभाऊकडे टाकून गेला. आत वीस तोंडांचे रंगीत फासे आणि एक जाड इंग्रजी पुस्तक. एकानं एक जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातला एकेक माणूस व्हायचं, आणि वार लागला की हुकला हे फाशानं ठरवायचं, असा तो तोंडी खेळ. रैनूभाऊनं पंपाच्या आवाजात बसून वर्षभर ते पुस्तक अक्षर अक्षर लावत वाचलं. भुतांच्या प्रकरणापाशी आला आणि थांबला. तिथं भूत दिसलं की त्याला कुठल्या तलवारीनं मारायचं याचा तक्ता होता.

"मेलेल्याले अजून काऊन मारता बावा?" तो मला म्हणाला. "एकदा मेला ना तो!"

त्यानं ते प्रकरण दोऱ्यानं शिवून बंद केलं आणि हिरव्या रजिस्टरात स्वतःचा मुलुख लिहिला. सात डोंगर, एक नदी, बारा गावं. राक्षस, जादूगार, उडणारे साप सगळे पुस्तकातलेच ठेवले. मरणाचा कायदा मात्र त्याचा स्वतःचा.

तो कायदा असा. खेळातलं तुमचं माणूस मेलं की सोबत्यांनी गावाबाहेर त्याचा दगड उभा करायचा, वीतभर उंचीचा. दर रविवारी हजेरीला कोणीतरी त्याची गोष्ट सांगायची आणि फासा टाकायचा. दान चांगलं पडलं तर दगड बोटभर वाढतो. गुडघ्याला लागला की मेलेला एकदा बोलू शकतो. कमरेला लागला की अडचणीच्या वेळी उठून येऊन खांद्याला खांदा लावून लढतो. आणि तीन रविवार कोणी गोष्ट सांगितली नाही तर दगड खचतो. पुरता जमिनीत गेला की आतला जीव बिनगावचा होतो आणि रानात भटकतो.

"मग तो काय करते, भाऊ?" कुंदाबाईनं विचारलं होतं. ती कॉलनीतल्या दवाखान्यात आया आहे, मरणाबिरणाला भीत नाही. "झपाटते का?"

"नाई. कोणाले काई करत नाई. भेटल त्याले फक्त रस्ता इचारते."

कुंदाबाई एवढी धीट बाई, पण तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

चौथा गडी शकीलभाई. बाजारात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. तो आधी जरा कुरकुरला. "रैनूभाऊ, आमच्यात असं नाई बरं. हमारे यहां हिसाब अलग है."

"तुमचा हिसाब तुमच्यापाशी राहू द्या, शकीलभाई. तो खरा. हा डोंगर माझा हाये, इथी डोंगराचा कायदा."

"डोंगर का कायदा मंजूर," शकीलभाई म्हणाला आणि स्वतःसाठी तिरंदाज घेतला. नेमका माणूस, नेमकंच हत्यार.

मी अर्थातच पहिलवान झालो. नाव घनघोर. साडेसात फूट उंची, मिशीला दोन लिंबं बांधून चालायचा. दुसऱ्याच रविवारी कुंदाबाई "थांब, थांब" म्हणत असताना एकट्यानं अस्वलाच्या गुहेत शिरलो. फासा टाकला, एक पडला. संपलं.

आणि मग कळलं की मेलेल्या माणसानं दगड गुडघ्याला लागेपर्यंत खेळात तोंड उघडायचं नाही.

लोकहो, मी सात रविवार गप्प बसलो! बायकोनं मला दवाखान्यात दाखवलं. चटईच्या कोपऱ्यात बसून मी फक्त ऐकायचो, आज माझी गोष्ट कोण सांगणार, की सांगणारच नाही. पहिल्या रविवारी शकीलभाईनं सांगितली: "घनघोर झोपायचा तेव्हा मिशीतलं लिंबू उशाशी ठेवायचा." एवढीशी गोष्ट. दान पडलं नाही. तिसऱ्या रविवारी पावसाची झड होती, भजी गरम होती, आणि हजेरीत माझं नाव येईपर्यंत मला चक्क घाम फुटला. तेव्हा कुंदाबाई म्हणाली, "घनघोर बढाईखोर होता. पण गुहेत तो पुढे शिरला म्हणून मागचे आपण वाचलो." बोटभर वाढलो. घरी जाताना माझी मान इतकी ताठ होती की पोळपाट ठेवून पोळ्या लाटता आल्या असत्या.

सातव्या रविवारी गुडघ्याला लागलो. एकदाच बोलायची मुभा होती. चौदा भाषणं तयार करून आलो होतो, आणि तोंडातून निघालं एवढंच: "रैनूभाऊ, हे तुम्हाले कसं सुचलं?"

त्यानं रजिस्टर मिटलं.

त्याचं गाव भामरागडच्या पल्याड. तिथं त्याच्या लोकांत माणूस गेलं की खरोखरच गावाबाहेर त्याचा दगड उभा करतात. दगड वाढला तर गेलेला सुखात आहे असं समजतात. रैनूभाऊचा बाप ऐन पावसाळ्यात गेला. निरोप आला, हा निघाला, आणि नदीचं पाणी पुलावरून चाललं होतं. नऊ दिवस अलीकडच्या काठावर बसून राहिला. पोचला तोवर चुलतभावानं दगड उभा केला होता. गुडघ्याएवढा. पोराचा हात न लागलेला.

"अकरा वर्षं झाली, बंडू. गेलो नाई मी त्यानंतर."

"बहीण हाये ना तिथी? तिले इचारा, वाढला का म्हणून."

"इचारलं तर सांगल ना ते. म्हणून इचारत नाई."

अख्खा मुलुख त्यानं कशासाठी लिहिला होता ते तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या सहा भुतांच्या दगडांना तो दर आठवड्याला बोट बोट वाढवत होता. ज्या एका दगडाची त्याला माहिती हवी होती, तो बघायची मात्र हिंमत नव्हती.

त्या उन्हाळ्यात आलापल्लीला साडूच्या मुलीचं लग्न होतं. मी अक्षता टाकल्या, वरण-भात जेवलो आणि बायकोला न सांगता भामरागडच्या एसटीत बसलो. पुढे एका पोस्टमनच्या मोटारसायकलवरून गेलो. वाटेत अठरा नाले लागले. नऊ धरा.

रैनूभाऊची बहीण जुरीबाई मोहफुलं वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर ती पुढे चालू लागली. गावाबाहेर सागाच्या झाडांखाली दगडांची रांग होती. तिनं बोट दाखवलं. मी जवळ जाऊन शेजारी पाय ठेवून माप पाहिलं.

दगड माझ्या अर्ध्या नडगीलासुद्धा येत नव्हता. एका बाजूला कललेला, भोवती वारुळाची लाल माती.

"दादा येत नाई," जुरीबाई म्हणाली. "म्हून खाली चाल्ला."

परतीच्या वाटेवर मी एका शब्दानं कोणाशी बोललो नाही. सात रविवारांची सवय कामी आली.

रविवारी पडवीत मी कुठे जाऊन आलो एवढंच सांगितलं, आणि आता तिघं माझ्याकडे बघत होते. रैनूभाऊनं हजेरी घेतली नाही. चष्मा पुसत राहिला, पुसत राहिला. आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, पण जीभ अशी जड कधी झाली नव्हती.

"गुडघ्याच्या वर," मी म्हटलं. "चार बोटं."

रैनूभाऊनं डोळे मिटले. आकडेमोड करत होता. मग इतक्या हळू बोलला की पंप चालू असता तर ऐकूच आलं नसतं: "निम्मं केलं तरी दोन बोटं वर हाये."

दुसऱ्या दिवशी त्यानं रजेचा अर्ज टाकला.

तो गावी गेल्यावर मी शकीलभाईला आणि कुंदाबाईला खरं सांगितलं. शकीलभाईनं डोळ्यावरचं भिंग काढलं. "बंडू, वाघात झूठ बोल, अस्वलात बोल. मय्यतच्या मापात झूठ बोललास?" कुंदाबाई तर भज्यांचा डबा उचलून घरीच गेली. ते आठ दिवस मी डंपर इतका सावकाश चालवला की मुकादमानं विचारलं, आजारी आहेस का.

नवव्या दिवशी रैनूभाऊ आला. अंगानं वाळलेला, उन्हानं काळा पडलेला. आमच्यासाठी रानातली चारोळी आणली होती. चटईवर बसला, रजिस्टर उघडलं आणि सहज सांगावं तसं म्हणाला, "बंडूनं बरोबर सांगतलं. चार बोटं. निम्मं कराची गरज पडली नाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. हजेरी सुरू केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या यादीत सातवं नाव आलं. बापाचं. "हाये," तो स्वतःच म्हणाला आणि गोष्ट सांगितली. बाप नदीत जाळं टाकायच्या आधी माशांची माफी मागायचा म्हणे.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो गावी गेला. असे दोनच उन्हाळे मिळाले. तिसरा यायच्या आधी, पौषातल्या एका सकाळी, पहिल्या पाळीला जायला म्हणून बूट घालायला बसला आणि तसाच गेला. एका पायात बूट होता.

आम्ही त्याला गावी नेलं. नदीला पूर नव्हता. आम्ही तिघंही वेळेवर पोचलो. दगड उभा करताना जुरीबाईनं गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पन हात लावा. तुम्ही त्याच्यासंगं खेळत होते." आम्ही हात लावला. शकीलभाईनं खिशातून सुतळी काढली, दगडाच्या उंचीएवढी मोजून कापली आणि रुमालात बांधून घेतली.

शेजारीच त्याच्या बापाचा दगड होता. मी न राहवून शेजारी पाय ठेवून मापलं. गुडघ्याच्या वर बरोबर चार बोटं.

"हे कसं झालं?" मी जुरीबाईला विचारलं.

"दादा आला. पाह्यलं. दिवसभर बसून बाबाशी बोलला, खाण, पंप, तुमचा खेळ, समदं. दुसऱ्या दिशी वारूळ काढलं. मंग हातानं माती काढत बसला. अकरा वर्साची माती होती. मी म्हटलं, पुरे ना दादा, गुडघ्याले आला. तर म्हने, नाई, बंडूनं चार बोटं सांगतले हाये." ती तोंडाला पदर लावून हसली. "मोजे अन् काढे, मोजे अन् काढे. अन् हासे."

दगड खाली गेलाच नव्हता. माती वर आली होती.

आता जग कुंदाबाई सांगते. हिरवं रजिस्टर तिच्याकडे आहे, चटई तीच आहे, चौथी जागा रिकामी असते आणि तिच्यापुढेही चहाचा कप ठेवतो. हजेरीत आठवं नाव आलं की तिघंही एकदम "हाये" म्हणतो आणि गोष्ट कोणी सांगायची यावरून भांडतो. गोष्टी संपत नाहीत. संपल्या तर मी आहे.

दर उन्हाळ्यात मी सुतळी घेऊन तिकडे जातो. दगडाला टेकून बसतो, डंपरच्या, वाघांच्या, सगळ्या बातम्या सांगतो. निम्मे करायला कोणी नसतं, म्हणून वाघ फार वाढलेत. मग सुतळी लावतो. या वर्षी परत आलो तेव्हा दोघं बसस्टँडवर उभी होती.

"दोन बोटं वाढला," मी सांगितलं.

शकीलभाईनं माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि नखांत अडकलेल्या लाल मातीकडे घड्याळजीच्या नजरेनं बराच वेळ पाहिलं. हात सोडला नाही.

दोन बोटं वाढलाय. पटत नसेल तर नियमाप्रमाणे निम्मं करा.

एक बोट उरतंच.