भाव आधी, गोष्ट मागून

धनराजभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानाच्या मागच्या ओट्यावर समईला चिंच लावत होते. शेजारचा कापडवाला सांगून गेला. मी समई धुऊन, पुसूनच उठले. अर्धवट घासलेली वस्तू त्यांना खपत नसे...

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान. मी तिथे भांडी घासायला होते. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण कान उघडे असतात. गिऱ्हाईक आलं की आधी भाव ठरायचा, पैसे गल्ल्यात पडायचे. मग भाऊ खांद्यावरच्या दुपट्ट्याने वस्तू पुसून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता ऐका." गोष्ट मनातलीच असायची. लोक त्या गोष्टीसाठीच लांबून यायचे. कोणी विचारलं, "खरी हाय का गा?" तर म्हणायचे, "भांडं खरं हाय. गोष्ट वजनात धरली नाही." तेरवीच्या पंगतीत लोक त्यांना फेकू म्हणाले. म्हणोत. गोष्टीपायी त्यांनी कधी भाव वाढवला नाही, हे मी रोज पाहिलं आहे.

एकदा घरात अडचण आली म्हणून मी माझ्या आईचा पितळी अडकित्ता दुकानात विकायला ठेवला. आई कामठीला लोकांच्या लग्नात सुपारी कातरायची. माझ्या लग्नात सासरचे मोटरसायकलसाठी अडून बसले, तेव्हाही ती मान खाली घालून सुपारीच कातरत राहिली. हे मी भाऊंना कधीतरी सांगितलं होतं. अडकित्ता एका मॅडमनी घेतला. भाऊंनी सुरू केलं, "मांडवात नवरदेवाचा बाप अडून बसला. कोपऱ्यात सुपारी कातरणारी बाई उठली, हा अडकित्ता उघडला अन् म्हणाली, काहून बसले गा? सुपारी कातरू का तुमचं नाक?" मॅडम खळखळून हसल्या. मी मागे ओल्या हातांनी उभी होते. आईला अशी ताठ उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

भाऊ गेल्यावर त्याच मॅडम अडकित्ता घेऊन आल्या. "लोक काहीबाही बोलतात. ती बाई होती ना खरंच?"

गल्ल्यावर आता भाऊंचा पुतण्या बसतो. तो हसला. "काका फेकत होते, मॅडम. वापस करता का?"

मी ओले हात पदराला पुसत बाहेर आले. "ते माही माय होती," मी म्हणाले.

"आणि... बोलली ती तसं?"

"बोलली."

पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. "मंदाबाई, तुम्ही बी?"

"हो. मी बी."

मॅडमनी अडकित्ता पुन्हा पर्समध्ये ठेवला. मला त्याचा पस्तावा नाही. माझी आई जन्मभर गप्प राहिली, त्यात कुणाचं भलं झालं?

पुतण्या दुकान आवरतो आहे. भाऊंचा बसायचा स्टूल तो भंगारात देत होता. मी तो, त्यावर पडलेल्या त्यांच्या दुपट्ट्यासकट, उचलून माझ्या ओट्यावर आणला. भाऊ कुठले, हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला त्यांनी वेगळं गाव सांगितलं. पुतण्या म्हणतो, खाप्याचे. मला ते म्हणाले होते, "कन्हान नदीले पूर, नावाड्याचा डोंगा मधोमध, तिथं जन्मलो. गाव कोणतं सांगू वं?"

आता कोणी स्टूल पाहून विचारलं, की मी आधी तो दुपट्ट्याने पुसते. मग सांगते, भाऊ डोंग्यात जन्मले. पुतण्या समोर उभा असला तरी.