बाईंच्या मांडीवरची घोणस

मराठीच्या बाई पाल दिसली की खुर्चीवर चढत. तरी दर वर्षी नवे विद्यार्थी घेऊन त्या आमच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात येतच. मी तिथं प्राणिशास्त्र शिकवायचे, किल्ली माझ्याकडे असे. बरण्यांतले साप दिसताच त्या माझा दंड घट्ट धरत. "तुम्ही पुढं व्हा. मी मागून भिते."

मुलांना त्या सांगत, "ज्याची जास्त भीती वाटते, त्याच्यासमोर बसा आणि लिहा." मग बरणीच्या चिठ्ठीवरचं गाव गाठायचं आणि हा जीव सापडला तेव्हा तिथं काय होतं, ते म्हाताऱ्यांना विचारायचं. घोणशीच्या चिठ्ठीवर 'मु. कडा, गवताळ माळ' होतं. मुलं विचारून आली: माळ मोडला, ऊस आला, घोणस उसात राहिली.

त्याच मुलांतल्या सुरेखाची आई ऊसतोडीला गेली आणि फडातच घोणस चावून वारली. सुरेखा त्या बरणीसमोर बसली. दोनच ओळी लिहिल्या:

'बरणीतही तू वेटोळं घालून बसलीस,
माझी आई सरळ निजली.'

बाईंना त्या ओळी वर्गात वाचता आल्या नाहीत.

पुढे संग्रहालयाची खोली संगणकांसाठी द्यायचं ठरलं. मी वाटणी केली: पक्षी दुसऱ्या कॉलेजला, बरण्या खड्ड्यात. सुरेखा बाईंकडे धावत आली. "बाई, ही पुरली तर मी भांडू कुणाशी?"

बाई प्राचार्यांकडे गेल्या. ते हसले. "एवढी हवी तर घरी न्या."

बाईंनी खरंच नेली. वडवणीच्या एसटीत बरणी त्यांच्या मांडीवर, मी शेजारी. खड्डा आला की घोणस हलायची आणि बाईंची नखं माझ्या दंडात रुतायची. कंडक्टर वाकला. "काय बाई, लोणचं हाय का?"

"हो. लई मुरलंय. उघडू नका."

ओठ पांढरे पडले होते, तरी हसल्या. त्यानंतर घरी त्या दिवा लावूनच झोपत. मुलं मात्र घोणस बघायला, लिहायला घरी येत राहिली.

यंदा बाई गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला, "मावशी, बरणी घेऊन जा. लेकरं भितात." सुरेखा आता त्याच माळाचा इतिहास लिहिते आहे, तिलाही ती हवी होती.

जाड पिशवी, टॉवेल, दोरी, सगळं आठवणीनं घेऊन गेले. परतताना एसटीत बरणी मांडीवर ठेवली. पहिल्याच खड्ड्यात घोणस हलली. माझा हात आपोआप शेजारी गेला.

तिथं दंड नव्हता.